संत ग्रेगरी आणि शिंकेचा आशीर्वाद

शिंक ही कोणाच्याही स्वाधीन नाही. ती राजास येते तशी रंकासही येते. प्रार्थनेच्या शांत वेळी येते आणि परीक्षेच्या दालनातही येते. ती आली म्हणजे जवळच्या मनुष्याने काहीतरी शुभ बोलावे अशी चाल जगातील पुष्कळ देशांत आहे. आमच्याकडे तान्हे मूल शिंकले की आजी शतंजीव म्हणते, म्हणजे शंभर वर्षे जग असा आशीर्वाद देते. मुसलमान गृहस्थास शिंक आली तर तो प्रथम देवाची स्तुती करतो व ऐकणारा देव तुजवर दया करो असे उत्तर देतो. जर्मन व इटालियन लोक अशा वेळी आरोग्याचे नाव घेतात, आणि इंग्रज मनुष्य देव तुझे कल्याण करो असे म्हणतो. आमच्या शाळेत ही शेवटची चाल चांगलीच रुजली आहे. वर्गात एखादा मुलगा शिंकला की शेजारचे दोघे-चौघे ते शब्द एका दमात उच्चारतात, आणि पुष्कळदा त्यांच्या मागोमाग मागील बाकांवरून हसूही ऐकू येते.

ही चाल कोठून आली असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर ठरलेले आहे. इ. स. ५९० मध्ये रोम शहरात भयंकर साथ आली होती. शिंक हे त्या रोगाचे पहिले लक्षण होते. म्हणून शिंकणाऱ्यास तत्काळ आशीर्वाद द्यावा अशी आज्ञा पोप ग्रेगरी यांनी केली, आणि तेव्हापासून ही रीत पडली. आम्हीही ही गोष्ट वर्गात अनेकदा अशीच सांगितली आहे. एके वर्षी एका लहान मुलाने उभे राहून विचारले, की त्या सालापूर्वी लोक शिंकणाऱ्यास काय म्हणत असत? आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने आम्हांस ग्रेगरी यांचे चरित्र व त्या काळाचा इतिहास वाचावयास लावले. वाचनाअंती असे झाले की आमची गोष्ट टिकली नाही, परंतु तो पुरुष आमच्या दृष्टीने पूर्वीहून पुष्कळ मोठा झाला. तेच चरित्र थोडक्यात वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

ग्रेगरी यांचा जन्म रोम शहरी इ. स. ५४० च्या सुमारास एका जुन्या, श्रीमंत व मानकरी घराण्यात झाला. वडिलांचे नाव गॉर्डियानस व आईचे सिल्व्हिया. सीलियन नावाच्या टेकडीवर त्यांचा मोठा वाडा होता आणि सिसिली बेटात त्यांच्या विस्तीर्ण जमिनी होत्या. परंतु ज्या रोममध्ये हे मूल जन्मास आले ते ऑगस्टस बादशहाचे वैभवशाली रोम राहिले नव्हते. बादशहाची गादी आता दूर पूर्वेस कॉन्स्टँटिनोपल येथे होती, आणि इटली देश आपल्या ताब्यात यावा म्हणून बादशहाचे सैन्य व गॉथ लोक यांच्यात दीर्घ युद्ध जुंपले होते. ज्या उंच कमानींवरून शहरास दुरून पाणी येई त्या शत्रूने वेढ्याच्या वेळी तोडून टाकल्या होत्या. त्यातच इ. स. ५४१ मध्ये मिसर देशात प्लेगची साथ उद्भवली व ती गलबतांबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरत लवकरच इटलीत पोहोचली. पुढे ५४६ साली गॉथांचा राजा टोटिला याने रोम घेतले, तेव्हा ते शहर जवळजवळ ओस पडले. साथ, उपासमार व लढाई ह्या तिन्ही गोष्टी ग्रेगरींनी पाळण्यापासून पाहिल्या असे म्हटले तरी चालेल.

अशा पडत्या काळातही त्यांचे शिक्षण उत्तम प्रकारे झाले. कायदा, व्याकरण व वक्तृत्व यांत ते निपुण झाले. इ. स. ५७३ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ते रोम शहराचे मुख्य नगराधिकारी झाले. शहराचा बंदोबस्त, न्याय, धान्याचा पुरवठा व तटबंदीची डागडुजी ही सर्व कामे ह्या अधिकाऱ्याकडे असत. तो बाहेर निघे तेव्हा उंची वस्त्रे लेवून मोठ्या थाटाने निघे. परंतु ग्रेगरींचे मन ह्या थाटात रमले नाही. वडील वारल्यावर वारशाने आलेल्या संपत्तीतून त्यांनी सिसिलीत सहा मठ स्थापिले, आपल्या राहत्या वाड्याचा सातवा मठ केला, उरलेले द्रव्य गोरगरिबांस वाटले, आणि त्याच वाड्यात एक साधा मठवासी म्हणून ते राहू लागले. जेथे ते धनी होते तेथेच ते सेवक झाले. उपास त्यांनी इतके कडक केले की पोटाचे दुखणे त्यांस जन्मभर जडले. ह्या मठातील वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती असे त्यांस पुढे नेहमी वाटत असे.

ते सुख फार दिवस टिकले नाही. इ. स. ५७९ मध्ये पोप पेलाजियस दुसरे यांनी त्यांस आपले वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपल येथे बादशहाच्या दरबारी पाठविले. लोंबार्ड नावाचे लढवय्ये लोक ५६८ पासून इटलीत शिरून गावेच्या गावे उजाड करीत होते. त्यांच्याविरुद्ध बादशहाची मदत मिळवावी हा ह्या वकिलातीचा मुख्य हेतू होता. सहा-सात वर्षे ग्रेगरी तेथे राहिले, परंतु मदत अशी फारशी मिळाली नाही. बादशहाची फौज पूर्वेस इराणच्या लढाईत गुंतलेली होती. तेव्हा रोमची काळजी रोमकरांनीच वाहिली पाहिजे, हा धडा मात्र त्यांनी तेथून पक्का करून आणला. परत आल्यावर ते पुन्हा आपल्या मठात गेले.

आता आपण त्या प्रसिद्ध सालाकडे येतो. इ. स. ५८९ च्या पावसाळ्यानंतर टायबर नदीस असा पूर आला की जुन्या इमारती कोसळल्या, आणि धर्मसंस्थेची धान्याची कोठारे वाहून जाऊन हजारो मापे गहू नासला. पुराच्या पाण्यात सापांचे लोंढे समुद्राकडे वाहत जात होते, असे त्या काळच्या एका इतिहासकाराने लिहिले आहे. पुरामागून गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शहरात शिरला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी रोमची गत झाली. फेब्रुवारी ५९० मध्ये खुद्द पोप पेलाजियस ह्या रोगास बळी पडले. लोकांनी व धर्मगुरूंनी एकमुखाने ग्रेगरींची निवड केली. ग्रेगरींस हे पद नको होते. आपल्या निवडीस संमती देऊ नये असे विनंतिपत्र त्यांनी मॉरिस बादशहास लिहिले. परंतु शहराच्या अधिकाऱ्याने ते पत्र वाटेतच अडविले आणि त्याऐवजी लोकांनी केलेल्या निवडीचीच वार्ता पुढे पाठविली, अशी हकीकत आहे.

बादशहाची संमती येण्यास कित्येक महिने लागणार होते आणि इकडे तर घरोघरी प्रेते पडत होती. अशा वेळी अधिकृत पद नसतानाही ग्रेगरी पुढे झाले. त्यांनी लोकांस एकत्र बोलावून धीर दिला, आणि सर्व शहराने मिळून देवाची करुणा भाकावी अशी योजना केली. लोकांचे सात मेळे करण्यात आले. धर्मगुरू, मठवासी, मठवासिनी, मुले, पुरुष, विधवा व विवाहित स्त्रिया असे हे सात मेळे सात निरनिराळ्या प्रार्थनामंदिरांतून निघाले व स्तोत्रे गात कुमारी मरीयेच्या मोठ्या मंदिराकडे चालले. चालता चालताच माणसे पडू लागली. एका घटकेत ऐंशी माणसे वाटेवर गतप्राण झाली. तरीही ग्रेगरींनी लोकांची प्रार्थना खंडू दिली नाही. त्या वेळी रोममध्ये असलेल्या एका परदेशी धर्मसेवकाने हे सारे डोळ्यांनी पाहिले आणि स्वदेशी परतल्यावर टूर गावच्या बिशपांस सांगितले. ह्या बिशपांचे नावही योगायोगाने ग्रेगरी असेच होते. त्यांनी ही हकीकत आपल्या इतिहासात नमूद करून ठेविली, म्हणूनच ती आज आम्हांस कळते.

साथींत गर्दी केल्याने रोग वाढतो हे ज्ञान त्या काळी आजच्यासारखे स्पष्ट नव्हते. प्लेगचा जंतू उंदरांवरील पिसवांच्या द्वारे मनुष्यास दंश करून शरीरात शिरतो ही गोष्ट त्यानंतर तेराशे वर्षांनी कळली. बव्हेरियातील सहाव्या शतकाच्या थडग्यांतील हाडांत त्याच जंतूचे अवशेष सापडल्याचे इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या काळची साथ प्लेगचीच होती ह्याविषयी संशय उरला नाही. म्हणून आजच्या ज्ञानाने त्या मिरवणुकीस दोष देणे सोपे आहे. परंतु ज्यांना पळून जाता आले असते असा पुरुष पळाला नाही, लोकांमध्ये उभा राहिला, हे आम्ही विसरू नये.

ह्या सालाभोवती पुढे अनेक कथा जमल्या. मिरवणूक हेड्रियन बादशहाच्या भव्य समाधीजवळ आली तेव्हा तिच्या शिखरावर एक देवदूत आपली तरवार म्यानात घालीत असलेला ग्रेगरींस दिसला व साथ थांबली, ही त्यांतील एक. त्या समाधीस आजही देवदूताचा किल्ला म्हणतात आणि तिच्या माथ्यावर देवदूताचा धातूचा पुतळा उभा आहे. दुसरी कथा शिंकेची. तेराव्या शतकात संतांच्या चरित्रांचा एक ग्रंथ युरोपात फार लोकप्रिय झाला; त्या साथीत माणसे शिंकता शिंकता मरत, म्हणून आशीर्वादाची चाल पडली, असे त्यात सांगितले आहे. सोळाव्या शतकात सिगोनियो नावाच्या इटालियन इतिहासकारानेही तिचा पुनरुच्चार केला. परंतु ज्याच्या मित्राने साथ प्रत्यक्ष पाहिली त्या टूरच्या बिशपांच्या वर्णनात जांघेतील गाठींचा रोग आहे, पूर आहे, साप आहेत, मिरवणूक आहे. शिंक मात्र नाही. इ. स. १६४६ मध्ये टॉमस ब्राउन नावाच्या इंग्रज वैद्याने लोकांच्या चुकीच्या समजुतींवर एक मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने ही कथा तपासून पाहिली आणि ही चाल ग्रेगरींच्या पूर्वीची आहे असे दाखवून दिले.

ते कसे, तेही सांगितले पाहिजे. ग्रेगरींच्या पूर्वी पाचशे वर्षे प्लिनी नावाचा रोमन पंडित होऊन गेला. शिंकणाऱ्याचे अभीष्ट आपण का चिंतितो असा प्रश्न त्याने आपल्या ग्रंथात विचारला आहे. आणि टायबेरियस बादशहा स्वभावाने अत्यंत उदास असूनही, रथात बसला असतानासुद्धा हा शिष्टाचार पाळला जावा असा आग्रह धरीत असे, असेही लिहिले आहे. त्याहून चारशे वर्षे मागे गेलो तर ग्रीक सेनापती झेनोफन सैन्यापुढे भाषण करीत असता एक शिपाई शिंकला आणि सर्व सैन्याने तो शुभशकुन मानून देवास वंदन केले, अशी हकीकत आढळते. आमच्याकडे बाहेर निघताना कोणी शिंकले की पाऊल मागे घेतात, आणि काम अडले म्हणजे कोठे माशी शिंकली असे विचारतात. ग्रीकांस मात्र तीच शिंक शुभ वाटत असे.

आमच्या देशाचा दाखला तर ह्याहून बोधप्रद आहे. भगवान बुद्ध एकदा उपदेश करीत असता त्यांस शिंक आली, आणि भिक्षूंनी दीर्घायुषी व्हा असा एवढा गलका केला की उपदेश खंडित झाला. तेव्हा असे म्हटल्याने कोणाचे आयुष्य वाढते काय, असे बुद्धांनी त्यांस विचारले. वाढत नाही असे भिक्षूंनी कबूल केल्यावर त्यांनी ही रीत बंद केली. परंतु पुढे भिक्षू शिंकले असता लोक त्यांस दीर्घायुष्य चिंतीत आणि भिक्षू गप्प राहत, म्हणून लोकांस वाईट वाटू लागले. हे कानी येताच लोकांच्या समाधानासाठी भिक्षूंनी उलट शुभ चिंतन करावे, अशी मोकळीक बुद्धांनी दिली. शब्दाने आयुष्य वाढत नाही, पण शब्द न उच्चारल्याने मन दुखावते, ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी जाणल्या. बुद्ध ग्रेगरींच्या पूर्वी सुमारे हजार वर्षे होऊन गेले. आमच्या वर्गातील त्या लहान मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

मग ग्रेगरींचे शिंकेशी काहीच नाते नाही काय? आमच्या मते आहे, आणि ते त्या कथेहून खरे आहे. शिंकणाऱ्यास आशीर्वाद देणे म्हणजे तुझ्या जिवाची मला काळजी आहे असे सांगणे. ग्रेगरी यांस ३ सप्टेंबर ५९० रोजी पोपपदाची दीक्षा मिळाली, आणि त्यानंतरची साडेतेरा वर्षे त्यांनी ही काळजी शब्दांत न ठेवता कृतीत आणली. युद्धामुळे खेड्यापाड्यांतून निर्वासित रोममध्ये लोटले होते. ग्रेगरींनी गरजू कुटुंबांची नावनिशीवार यादी करविली. कोणास काय व केव्हा द्यावयाचे हे त्या वहीत लिहिलेले असे, आणि ती वही पुढे तीनशे वर्षे जतन केलेली होती. दर महिन्यास धान्य, तेल, भाजी, मासे असा शिधा वाटला जाई. जे आजारी होते व घराबाहेर पडू शकत नव्हते त्यांच्याकडे शिजवलेले अन्न रोज पोहोचविले जाई. एकदा शहरातील एक भिकारी उपासमारीने मेला असे कळले, तेव्हा तो जणू आपल्याच हातून मेला असे मानून ग्रेगरींनी कित्येक दिवस पवित्र विधी चालविण्याचे बंद ठेविले, असे त्यांचे जुने चरित्रकार सांगतात.

ह्या सर्वांस द्रव्य व धान्य लागे, आणि ते मुख्यत्वे सिसिलीतील धर्मसंस्थेच्या जमिनींतून येई. परंतु एका गरिबाचे काढून दुसऱ्यास देणे त्यांस मान्य नव्हते. त्यांची साडेआठशेच्या सुमारास पत्रे आज उपलब्ध आहेत. शिंकेविषयीची ती प्रसिद्ध आज्ञा त्यांत नाही, पण कुळांविषयीच्या आज्ञा पुष्कळ आहेत. कुळांकडून धान्य घेताना मोठे माप वापरू नये, खोटी वजने मोडून टाकावी, लग्नप्रसंगी कुळांकडून ठराविक रकमेपेक्षा अधिक घेऊ नये, आणि हे हुकूम गुप्त न ठेवता सर्व कुळांस वाचून दाखवावे, म्हणजे त्यांस आपला हक्क कळेल, असे त्यांनी आपल्या कारभाऱ्यास बजाविले आहे. त्यांच्या ठायी विनोदही होता. ह्या कारभाऱ्याने एकदा त्यांच्यासाठी एक घोडा व पाच गाढवे पाठविली. घोडा निकृष्ट असल्यामुळे त्यावर बसता येत नाही, आणि गाढवे चांगली असली तरी ती गाढवे असल्यामुळे त्यांवर बसता येत नाही, अशा अर्थाचा चिमटा ग्रेगरींनी त्यास पत्रातून काढला आहे.

इ. स. ५९३ मध्ये लोंबार्डांचा राजा अजिलुल्फ फौजेसह रोमच्या वेशीपर्यंत आला. बादशहाची मदत नव्हती. ग्रेगरींनी तटाचा बंदोबस्त केला, राजाशी बोलणे लाविले, आणि धर्मसंस्थेच्या भांडारातील सोने देऊन शहर वाचविले. पुढे तहासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. दरबाराने त्यांस भोळा ठरविले तरी त्यांनी ती सोडली नाही. स्वतःस मोठमोठ्या पदव्या न लावता देवाच्या सेवकांचा सेवक अशी सही ते करीत, आणि ती पदवी त्यांच्यामागून आलेल्या पोपांनीही चालू ठेविली.

त्यांच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग आमच्या विषयाशी फार जवळचा आहे. इ. स. ५९६ मध्ये त्यांनी आपल्या मठातील ऑगस्टीन यांस सुमारे चाळीस सोबत्यांसह इंग्लंड देशी धर्मप्रसारार्थ पाठविले. वाटेत हे लोक भिऊन परत फिरू पाहत होते. ग्रेगरींनी त्यांस धीर देऊन पुढे धाडले. ५९७ साली ते केंट प्रांती उतरले, आणि तेथील राजा एथेलबर्ट याने त्यांस आश्रय दिला. तेथील लोकांच्या जुन्या चालीरीतींचे काय करावे हा प्रश्न निघाला, तेव्हा ६०१ साली ग्रेगरींनी मेलिटस नावाच्या धर्मगुरूस लिहून कळविले की जुनी देवळे पाडू नयेत. मूर्ती काढून त्याच इमारती नव्या उपासनेस लावाव्या. आणि लोकांचे जुने मेजवान्यांचे दिवसही बंद न करता त्यांस नवा अर्थ द्यावा. उंच जागी चढणारा मनुष्य पायरीपायरीनेच चढतो, उडी मारून नव्हे, असा त्यांचा विचार होता. मूर्ती काढण्याविषयी सर्व वाचकांचे मत एक असेल असे नाही. पण शिंकेच्या आशीर्वादाची वाट आम्हांस अशीच झालेली दिसते. शकुन व भीती यांतून निघालेली जुनी चाल लोकांनी टाकली नाही. तिच्या पोटी प्रार्थना व सद्भाव घातला. कोणा एका पुरुषाच्या आज्ञेने ती सुरू झाली नाही.

ग्रेगरी स्वतः जन्मभर रोगी होते. पोटशूळ, ताप व संधिवात यांनी त्यांस शेवटच्या वर्षांत अंथरुणास खिळविले. सणाच्या दिवशी तीन तास उठून उपासना चालविणेही त्यांस कठीण जाई. अशा स्थितीत, ६०१ साली, रॅव्हेनाचे बिशप मरिनियानस रक्त ओकत असल्याची बातमी त्यांच्या कानी आली. ग्रेगरींनी रोममधील वैद्यांस एकेकटे गाठून विचारले, त्यांची मते लिहून बिशपांकडे पाठविली, उपास करू नयेत असे निक्षून सांगितले, आणि शुश्रूषेसाठी रोमला आपल्याजवळ येऊन राहण्याचा आग्रह केला. स्वतः अंथरुणावर पडलेला मनुष्य शेकडो मैलांवरील मित्राच्या पथ्यपाण्याची चौकशी करतो, हे वाचून आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. शिंकेस आशीर्वाद द्यावा अशी आज्ञा त्यांनी केली असती तरी ती ह्या एका पत्राहून मोठी ठरली नसती.

१२ मार्च ६०४ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, हा थोर पुरुष देवाघरी गेला. त्यांचे देहावशेष रोममधील संत पेत्राच्या मंदिरात आहेत. शिक्षक व विद्यार्थी यांचे आश्रयदाते संत म्हणूनही त्यांस मानतात, तेव्हा शाळेच्या ह्या वार्षिकात त्यांचे स्मरण होणे योग्यच आहे.

ज्या रोगाने रोम हादरले तोच प्लेग १८९६ साली मुंबईस आणि त्यामागोमाग पुण्यास आला. पुण्याजवळ आपले पुत्र डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलास त्यांनी पाठीवर वाहून दवाखान्यात आणले. तोच रोग त्यांस जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. शतके निराळी, देश निराळे, विचारही निराळे. पण पाठीवर वाहून आणलेले ते मूल आणि ग्रेगरींनी घरोघर पाठविलेले ते अन्न ह्यांचा अर्थ एकच आहे. इ. स. २०२० च्या महामारीत आमच्यापैकी अनेकांनी उलट प्रकारही पाहिला. शेजारी शिंकला की आशीर्वाद राहिला बाजूस, माणसे दार लावून घेत. सावधगिरी योग्यच होती. पण बंद दाराबाहेर ज्यांनी जेवणाचा डबा व औषध ठेविले त्यांनी सावधगिरी व माया ही दोन्ही एकत्र नांदू शकतात हे दाखविले.

विद्यार्थिमित्रांनो, आता वर्गात कोणी शिंकले तर तुम्ही काय कराल? शिंकणाऱ्याने तोंडापुढे रुमाल धरावा, कारण शिंकेच्या तुषारांबरोबर रोगाचे जंतू दूरवर उडतात. हा त्याने इतरांस दिलेला मुका आशीर्वाद होय. ऐकणाऱ्याने आपल्या घरच्या रीतीप्रमाणे शतंजीव म्हणावे, देवाची दया मागावी वा कल्याण चिंतावे. मात्र हसू नये. आणि तोच सोबती दुसरे दिवशी बाकावर दिसला नाही, तर शाळा सुटल्यावर त्याच्या घरावरून जाऊन ताप आहे काय हे विचारावे आणि त्या दिवशीचा धडा त्यास सांगावा. आम्ही तर पुढच्या वर्षी ती जुनी कथा वर्गात पुन्हा सांगणार आहो. मात्र ती कथा आहे असे सांगून, आणि तिच्यामागोमाग त्या लहान मुलाचा प्रश्न व त्या यादीच्या वहीची खरी गोष्ट सांगून.